डार्क मॅटर असो की न्यूट्रॉन तारा, दोन्ही एकाच फटकळ माणसानं सांगितलं होतं; पण तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही

१७ ऑगस्ट २०१७. आपल्याकडे संध्याकाळचे ६ वाजून ११ मिनिटं झाली होती.

अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेच्या यंत्रांनी एक बारीक थरथर टिपली. साधारण १०० सेकंद ती चालली आणि थांबली. त्यानंतर १.७ सेकंदांनी पृथ्वीभोवती फिरणाऱ्या फर्मी दुर्बिणीला गॅमा किरणांचा झोत दिसला. १३ कोटी प्रकाशवर्षं लांब दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती गरगरत येऊन आदळले होते. ती थरथर म्हणजे त्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी. अशी टक्कर लहरींमधूनही कळली आणि प्रकाशातूनही दिसली, असं पहिल्यांदाच घडत होतं.

बातमी जगभर गाजली. नंतर शास्त्रज्ञांच्या डोक्यात वेगळाच प्रश्न घोळायला लागला. या लहरींमधून डार्क मॅटरचा, म्हणजे न दिसणाऱ्या पदार्थाचा, काही सुगावा लागेल का?

इथं गंमत अशी आहे की न्यूट्रॉन तारा ही कल्पना आणि डार्क मॅटरचा पहिला ठोस हिशोब, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नावावर आहेत. तेही एकाच वर्षातल्या. वर्ष होतं १९३३ आणि माणूस होता फ्रिट्झ झ्विकी.

नाव ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. त्याच्याच क्षेत्रातल्या लोकांनी त्याच्याकडे कित्येक वर्षं काणाडोळा केला होता. आणि त्यात थोडी चूक त्याचीही होती.

झ्विकीचा जन्म १४ फेब्रुवारी १८९८ चा, बल्गेरियातल्या वार्ना या बंदराच्या गावात. वडील मूळचे स्वित्झर्लंडच्या ग्लारुस भागातले व्यापारी, शिवाय वार्नामध्ये नॉर्वेचे वाणिज्यदूत. आई चेक. तीन भावंडांत हा थोरला. सहा वर्षांचा असताना त्याला ग्लारुसला आजी-आजोबांकडे पाठवलं. पोरानं व्यापाराचं शिक्षण घ्यावं आणि धंदा सांभाळावा, असा घरच्यांचा बेत होता.

पोराचं मन मात्र गणितात आणि भौतिकशास्त्रात रमलं. आणि आल्प्सच्या कड्यांवर. गिर्यारोहण त्यानं पुढेही सोडलं नाही. झ्युरिकच्या ज्या ईटीएच संस्थेत आईन्स्टाईन शिकला होता तिथंच झ्विकीनं १९२२ मध्ये डॉक्टरेट मिळवली. विषय होता स्फटिकांचा, आकाशाशी त्याचा काही संबंध नव्हता.

१९२५ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर तो कॅलिफोर्नियात पसाडेनाच्या कॅलटेकला आला. बोलावणारा होता नोबेलविजेता रॉबर्ट मिलिकन. पुढचं जवळजवळ अख्खं आयुष्य झ्विकीनं तिथंच काढलं, पण अमेरिकेचं नागरिकत्व शेवटपर्यंत घेतलं नाही.

पसाडेनाच्या डोक्यावरच माउंट विल्सन. तिथं तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी, १०० इंची दुर्बीण होती. तिच्यावर काम करणारा एडविन हबल नुकताच जगप्रसिद्ध झाला होता. लांबच्या दीर्घिका आपल्यापासून दूर पळताहेत, हे त्यानं दाखवलं होतं. अशा जागी राहून आकाशाकडे न बघणं अवघडच होतं. स्फटिकांवर काम करायला आलेला माणूस आकाशाच्या नादी लागला.

पहिला दणका मात्र फुसका निघाला. १९२९ मध्ये त्यानं असं मांडलं की दीर्घिका पळत वगैरे नाहीत, लांबचा प्रवास करून प्रकाशच थकतो आणि त्यामुळे तो जास्त लाल दिसतो. ही कल्पना चुकीची ठरली. हे मुद्दाम सांगतोय, कारण झ्विकीचं सगळंच बरोबर होतं अशा थाटात त्याच्या गोष्टी आता सोशल मीडियावर फिरतात. तसं नव्हतं. तो भसाभस कल्पना मांडायचा. त्यातल्या बऱ्याच वाया जायच्या.

१९३३ ची मात्र वाया गेली नाही.

कोमा नावाचा दीर्घिकांचा एक मोठा समूह आहे. शेकडो दीर्घिका एकमेकींच्या गुरुत्वाकर्षणानं बांधल्यासारख्या एकत्र राहतात. त्यांतल्या काहींचे वेग हबल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोजून ठेवले होते. झ्विकीनं ते आकडे घेतले आणि साधा प्रश्न विचारला. इतक्या वेगानं पळणाऱ्या दीर्घिका एकत्र राहतातच कशा?

गोफण आठवा. दगड जितका जोरात फिरवाल तितका दोरीवर ताण जास्त. दोरी कच्ची असेल तर ती तुटणार आणि दगड भलतीकडे जाणार. कोमा समूहात दोरीचं काम गुरुत्वाकर्षण करतं, आणि गुरुत्वाकर्षण किती हे ठरतं तिथं वस्तुमान किती आहे त्यावरून. झ्विकीनं समूहात ८०० दीर्घिका धरल्या, त्यांच्या प्रकाशावरून वस्तुमानाचा अंदाज बांधला आणि हिशोब केला. उत्तर आलं की दीर्घिकांच्या वेगात सेकंदाला साधारण ८० किलोमीटरचा फरक दिसायला हवा. प्रत्यक्षात तो १,००० किलोमीटरच्या पुढे होता.

म्हणजे दोरी दिसतेय सुतळीएवढी आणि दगड फिरतोय तोफगोळ्यासारखा. तरीही तुटत नाहीये.

त्यानं निष्कर्ष काढला की दिसतं त्यापेक्षा निदान ४०० पट वस्तुमान तिथं असलं पाहिजे, आणि ते प्रकाश देत नाही. जर्मन भाषेत लिहिलेल्या त्या निबंधात त्यानं या पदार्थाला डार्क मॅटर या अर्थाचा शब्द वापरला. निबंध छापला एका स्विस नियतकालिकानं. अमेरिकेतल्या किती खगोलशास्त्रज्ञांच्या तो हाती पडला असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

प्रामाणिकपणे दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक म्हणजे हा शब्द त्याच्या आधीही काही खगोलशास्त्रज्ञांनी वापरला होता, पण एवढी प्रचंड तफावत आकड्यांत दाखवणारा झ्विकी पहिला. दुसरी म्हणजे ४०० पट हा आकडा फुगलेला होता. विश्वाच्या प्रसरणाचा जो दर तेव्हा मानला जायचा तो आजच्या दराच्या सुमारे आठपट होता, त्यामुळे कोमा समूह खरा आहे त्यापेक्षा फारच जवळचा वाटत होता. शिवाय समूहात तापलेला वायू भरपूर आहे. तो क्ष-किरणांत दिसतो, पण तशा दुर्बिणी तेव्हा नव्हत्याच. हे सगळं वजा केलं तरी तफावत उरतेच. आजच्या हिशोबानं विश्वातल्या एकूण पदार्थापैकी साधारण ८५ टक्के डार्क मॅटर आहे.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात दुसरा बार उडाला.

वॉल्टर बाडे हा माउंट विल्सनवरचा जर्मन खगोलशास्त्रज्ञ. निरीक्षणात एक नंबर माणूस. झ्विकी आणि बाडे यांनी स्टॅनफर्डच्या एका परिषदेत तीन गोष्टी एका दमात मांडल्या. कधीकधी आकाशात जो नवा तारा उगवल्यासारखा दिसतो, त्यांतले काही स्फोट नेहमीच्या स्फोटांपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यांना सुपरनोव्हा म्हणावं. अंतराळातून येणारे वैश्विक किरण या स्फोटांतून येत असावेत. आणि स्फोटानंतर ताऱ्याचा गाभा दबून दबून फक्त न्यूट्रॉनचा बनलेला एक छोटासा गोळा उरत असावा.

आता हे बघा, न्यूट्रॉन हा कण जेम्स चॅडविकनं शोधला १९३२ मध्ये. म्हणजे कण सापडून दोन वर्षंही झाली नव्हती आणि हे दोघं त्या कणाचा अख्खा तारा असेल म्हणून सांगत होते. तिसरा मुद्दा मांडताना त्यांनी स्वतःही हात राखूनच लिहिलं होतं.

असा तारा केवढा असतो? सूर्याच्या सव्वा-दीडपट वजन, आणि व्यास दादर ते बोरिवली एवढा. त्याच्यातला चमचाभर पदार्थ अब्जावधी टनांचा भरेल. १९३४ मध्ये ही कल्पना छापून आली. काही मोजक्या भौतिकशास्त्रज्ञांनी पुढे त्यावर गणितं केली, पण आकाशात असं काही शोधायला फारसं कुणी निघालं नाही.

सुपरनोव्हा शोधायला मात्र झ्विकी स्वतः निघाला. आधी कॅलटेकच्या एका इमारतीच्या गच्चीवर छोटा कॅमेरा लावला आणि दीर्घिकांचे फोटो काढत बसला. एकही सुपरनोव्हा मिळाला नाही. मग १९३६ मध्ये पालोमार पर्वतावर १८ इंची दुर्बीण बसली, त्या डोंगरावरची पहिलीच. ही दुर्बीण एका दमात आकाशाचा मोठा तुकडा टिपायची. पद्धत अशी, की आज फोटो काढायचा, काही दिवसांनी त्याच जागेचा पुन्हा काढायचा, दोन्ही शेजारी ठेवायचे आणि नवा ठिपका शोधायचा. १९३७ पासून सुपरनोव्हा सापडायला लागले. आयुष्यभरात त्यानं सुमारे १२० शोधले. एकट्या माणसानं शोधलेल्या सुपरनोव्हांचा हा विक्रम त्याच्या मृत्यूनंतरही कित्येक वर्षं टिकला.

१९३७ सालीच त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. अख्ख्या दीर्घिकेचं गुरुत्वाकर्षण मागून येणारा प्रकाश भिंगासारखा वाकवेल, आणि त्यावरून दीर्घिकेचं खरं वजन काढता येईल. असं भिंग आकाशात प्रत्यक्ष सापडलं १९७९ मध्ये. झ्विकीला जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

मग एवढा हुशार माणूस असून घोडं अडलं कुठं?

एक तर तोंडात. झ्विकीला सहकारी आवडायचे नाहीत आणि हे तो लपवायचा नाही. त्यांच्यासाठी त्यानं एक खास शिवी बनवली होती, असं सांगतात. त्या शिवीला तो गोलाकार हे विशेषण लावायचा, कारण गोल वस्तू कुठूनही बघितली तरी सारखीच दिसते. कॅलटेकच्या जेवणघरात नवख्या माणसासमोर एका हातावर जोर मारून दाखवायचा, असेही किस्से आहेत. दुर्बिणीसमोरची हवा स्थिर व्हावी म्हणून त्यानं मदतनीसाला घुमटातून बंदुकीची गोळी झाडायला लावली, हा तर त्याचा सगळ्यात प्रसिद्ध किस्सा. हवा काही स्थिर झाली नाही म्हणतात.

हे सगळं वाचताना मजा येते. बाडेला मात्र मजा येत नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मन नागरिक म्हणून तो अमेरिकेत आधीच शत्रूदेशाचा माणूस ठरला होता. त्यात झ्विकी त्याला नाझी म्हणायला लागला. तो नाझी नव्हता. पुढे बाडेला झ्विकीसोबत एकटं थांबायचीही भीती वाटायची. ज्या दोघांनी मिळून न्यूट्रॉन तारा कल्पिला त्यांचं हे असं झालं. झ्विकीचं कौतुक करताना हा भाग सहसा गाळला जातो, तो गाळू नये असं मला वाटतं.

पण डार्क मॅटरकडे झालेल्या दुर्लक्षाचं खापर फक्त त्याच्या स्वभावावर फोडणंही बरोबर नाही. तेव्हा मोजक्याच दीर्घिकांचे वेग माहीत होते. कोमा समूह खरंच स्थिर आहे की विखुरत चाललाय, हेही नक्की नव्हतं. असल्या तुटपुंज्या पुराव्यावर विश्वातला बहुतेक पदार्थ दिसतच नाही असं मान्य करणं कुणालाही जड गेलं असतं. शांत माणसानं सांगितलं असतं तरी.

याच माणसाची दुसरी बाजूही होती. युद्धात युरोपातली ग्रंथालयं बेचिराख झाली, तेव्हा त्यानं विज्ञानाची पुस्तकं आणि नियतकालिकं गोळा करायची मोहीम चालवली आणि टनावारी खोकी तिकडे रवाना केली. युद्धानंतर अनाथ मुलांसाठी काम करणाऱ्या पेस्टालोझी प्रतिष्ठानातही तो राबला. १९४३ पासून एरोजेट या रॉकेट कंपनीत तो संशोधन संचालक होता. छोट्या धावपट्टीवरून विमान उडवायला मदत करणारी रॉकेटं तिथं बनायची. या कामासाठी १९४९ मध्ये त्याला अमेरिकी सरकारचं मेडल ऑफ फ्रीडम मिळालं. ऑक्टोबर १९५७ मध्ये, स्पुटनिक उडाल्याच्या १२ दिवसांनी, त्याच्या प्रयोगात एका रॉकेटमधून धातूच्या बारीक गोळ्या इतक्या जोरात झाडल्या गेल्या की पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण तोडून त्या सूर्याभोवती फिरायला गेल्या, असा त्याचा दावा होता.

१९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल या तरुण विद्यार्थिनीला रेडिओ दुर्बिणीच्या कागदावर दर सव्वा-दीड सेकंदाला येणारा एक ठोका दिसला. तो होता पल्सार, म्हणजे गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा. पुढच्याच वर्षी क्रॅब तेजोमेघाच्या पोटात पल्सार सापडला. १०५४ साली लोकांनी डोळ्यांनी पाहिलेल्या सुपरनोव्हाचा हा अवशेष. स्फोट, आणि मागे उरलेला न्यूट्रॉनचा गोळा. ३४ वर्षांपूर्वी लिहिलेलं जसंच्या तसं. बाडे १९६० मध्येच गेला होता, झ्विकीला मात्र हे बघायला मिळालं. त्याच वर्षी तो कॅलटेकमधून निवृत्त झाला.

राग काही निवृत्त झाला नाही. १९७१ मध्ये त्यानं दीर्घिकांची एक सूची स्वतःच छापली आणि तिच्या प्रस्तावनेत सहकाऱ्यांना अक्षरशः धुऊन काढलं. मोठ्या दुर्बिणीवर आपल्याला मुद्दाम वेळ देत नव्हते, आपल्या कल्पना चोरल्या, असं बरंच काही. पुढच्या वर्षी रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं त्याला सुवर्णपदक दिलं. ८ फेब्रुवारी १९७४ ला, ७६ व्या वाढदिवसाला सहा दिवस बाकी असताना, तो पसाडेनात गेला. दफन ग्लारुसमधल्या मोलिस गावात झालं. व्हेरा रुबिन आणि इतरांच्या निरीक्षणांमुळे डार्क मॅटर सर्वमान्य झालं, ते त्या दशकाच्या शेवटी.

आता परत २०१७ वर येऊ.

झ्विकीनं न्यूट्रॉन तारा आणि डार्क मॅटर या दोन गोष्टी कधी एकत्र जोडल्या नाहीत. आज त्या जोडायचा प्रयत्न चाललाय, आणि त्यात पुढाकार असलेली लायगो वेधशाळा चालवते कॅलटेक, एमआयटीच्या सोबतीनं.

विचार असा आहे. डार्क मॅटर कणांचं बनलेलं असेल तर ते कण सगळीकडून आरपार जात असणार. पृथ्वीतून, तुमच्या-आमच्यातून. काही अडत नाही. पण न्यूट्रॉन तारा इतका घट्ट आहे की तिथं एखादा कण एखाद्या न्यूट्रॉनवर आपटून अडकू शकतो. एकदा वेग गेला की बाहेर निघणं नाही. अशी भर कोट्यवधी वर्षं पडत राहिली तर ताऱ्याच्या पोटात डार्क मॅटरचा गाभा साचेल, किंवा ताऱ्याभोवती त्याचं पातळ आवरण बसेल.

हे बाहेरून दिसणार नाही. टक्कर होताना मात्र कळू शकतं. दोन तारे अगदी जवळ आले की एकमेकांना ओढून लांबट करतात. कडक लाडू दाबला तर आकार बदलत नाही, गुलाबजाम दाबला तर बदलतो, तसंच हे. पोटात गाभा असेल तर तारा जास्त कडक वागेल, बाहेर आवरण असेल तर जास्त मऊ. आणि मऊ तारे शेवटच्या फेऱ्या थोड्या लवकर संपवतात. हा बारीक फरक गुरुत्वीय लहरींच्या शेवटच्या भागात उमटतो. २०१७ च्या टकरीवरून एवढं कळलं की ते तारे फार मऊ नव्हते. अडचण ही की साध्या न्यूट्रॉनच्या गोळ्यानं किती कडक असायला हवं, हेच अजून पक्कं ठाऊक नाही. त्यामुळे मोजलेल्या कडकपणात डार्क मॅटरचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही.

त्या १.७ सेकंदांनीही एक काम केलं. डार्क मॅटर नाहीच, गुरुत्वाकर्षणाचे नियमच बदलायला हवेत, असं म्हणणारे काही सिद्धांत आहेत. त्यांतल्या काहींच्या मते प्रकाश आणि गुरुत्वीय लहरी पोचायला दिवसांचा, महिन्यांचा फरक पडायला हवा होता. पडला दोन सेकंदांपेक्षा कमी. ते सिद्धांत बाद झाले. सगळे नाही, काहीच.

तिसरी शक्यता जास्त भयंकर आहे. पोटात साचलेलं डार्क मॅटर इतकं वाढेल की त्याचंच छोटं कृष्णविवर होईल आणि ते ताऱ्याला आतून खाऊन टाकेल. मागे उरेल न्यूट्रॉन ताऱ्याच्याच वजनाचं कृष्णविवर. नेहमीच्या मार्गानं एवढं हलकं कृष्णविवर तयार होत नाही. २०२३ मध्ये मुंबईची टीआयएफआर आणि बेंगळुरूची आयआयएससी इथल्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसोबत हाच धागा पकडला. अशा हलक्या कृष्णविवरांच्या टकरी लायगोला दिसलेल्या नाहीत, तर मग डार्क मॅटरचे जड कण न्यूट्रॉनवर किती सहज आपटत असतील, याला मर्यादा घालता येते. काही न दिसणं हीसुद्धा माहितीच.

आणि एक टक्कर आहे जिच्याबद्दल ठामपणे बोलता येत नाही. २५ एप्रिल २०१९ ला लायगोला ५२ कोटी प्रकाशवर्षांवरची टक्कर जाणवली. दोघांचं मिळून वजन सूर्याच्या ३.४ पट. बहुधा ते दोन न्यूट्रॉन तारे होते, पण त्यांत कृष्णविवर नव्हतंच असं लहरींवरून छातीठोकपणे सांगता आलं नाही. टकरीचा प्रकाश दिसला असता तर बराच उलगडा झाला असता. पण लायगोच्या दोन केंद्रांपैकी हॅनफर्डचं त्या वेळी बंद होतं, त्यामुळे टक्कर नेमकी कुठं झाली हे कळेना. शोधायचं आकाश होतं एकूण आकाशाच्या जवळपास पाचवा हिस्सा.

शोधायला जे लागले त्यांत पालोमारवरची एक यंत्रणाही होती. आकाशाचा मोठा तुकडा टिपायचा, आधीच्या फोटोशी ताडायचा, नवा ठिपका शोधायचा, हेच तिचं काम. तिचं नाव झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी. तिच्या हाती काही लागलं नाही.

लहरी टिपणारी केंद्रं जितकी जास्त आणि जितकी लांब लांब, तितकी टकरीची जागा नेमकी कळते. त्यातलं एक केंद्र आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होतंय. लायगो-इंडियाला केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली.